परळ, १९४७: कमल रणदिवे यांच्या टेबलापाशी

साल १९४७. परळला तुम्ही ट्राममधून उतरता तेव्हा गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेलेला असतो आणि पाळी सुटलेल्या कामगारांची गर्दी उलट दिशेने तुमच्या अंगावर येते. त्या गर्दीतून वाट काढत तुम्ही टाटा हॉस्पिटलच्या फाटकाशी पोहोचता. हे हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. फक्त कर्करोगासाठी बांधलेलं इतकं मोठं रुग्णालय असू शकतं, हेच अजून कित्येकांच्या पचनी पडलेलं नाही.

बाह्यरुग्ण विभागातल्या बाकांवर बायका बसल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी जणींनी छातीतली गाठ महिनोन्‌महिने पदराखाली लपवली. ती फुटली, वास येऊ लागला, तेव्हा कुठे घरात सांगितलं. ज्यांची वेळ गेलेली नाही त्यांच्यावर शस्त्रक्रिया होते. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या लसिकाग्रंथी, सगळं काढून टाकतात. मग किरणोपचार. यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसं काही नाही. गाठ का झाली, असं एखादीने विचारलं तर उत्तर कुणाकडेच नाही.

ते उत्तर शोधणारी माणसं प्रयोगशाळेत आहेत. तिकडे चला. दार उघडताच फॉर्मॅलिनचा तिखट वास नाकात जातो, त्यामागून उंदरांच्या पिंजऱ्यांचा उग्र दर्प येतो. सूक्ष्मदर्शकावर तिशीला टेकलेल्या एक बाई वाकलेल्या आहेत. या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागा शाळेतून फर्ग्युसनमध्ये गेलेल्या मुलीने मात्र वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास निवडला. १९४३ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून त्या एम.एस्सी. झाल्या, तेव्हा त्यांच्यासमोर सीताफळ-रामफळाच्या कुळातली गुणसूत्रं होती. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. आता त्यांचे गुरू आहेत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि अभ्यासाचा विषय आहे उंदराच्या मादीची स्तनग्रंथी.

बाईंनी जागा दिली तर भिंगातून पाहा. काचेवर पसरून रंगवलेल्या ग्रंथीतल्या दुग्धनलिका पानं झडलेल्या झाडासारख्या फाटे फुटत गेलेल्या दिसतात. कुठे फाटे विरळ, कुठे टोकाला बारीक कळ्या. सख्ख्या भावंडांचाच संकर वीस पिढ्या आणि त्याहून अधिक करत गेलं, की उंदरांचा शुद्ध वाण तयार होतो. त्यातले सगळे उंदीर जवळपास एकसारखे असतात. जगभरच्या प्रयोगशाळांत असे वाण आहेत. सी-थ्री-एच वाणातल्या बहुतेक माद्यांना स्तनात गाठ येते. सी-फिफ्टीसेव्हन वाणात ती क्वचितच दिसते. खाणं तेच, पिंजरा तोच. मग फरक कुठून येतो?

रक्तातून, म्हणजे आनुवंशिकतेतून, असं तुम्ही म्हणाल. पण १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग केला. गाठी येणाऱ्या वाणाची पिल्लं जन्मताच उचलून त्यांनी गाठी न येणाऱ्या दाईच्या कुशीत ठेवली. आईचं दूध मिळालं नाही आणि गाठींचं प्रमाण एकदम घसरलं. दुधातून काहीतरी जात होतं. तो विषाणू होता, हे पुढे सिद्ध झालं. त्याआधी, १९३२ साली, पॅरिसमध्ये लाकासान्य यांनी नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचलं होतं आणि नरांनाही स्तनाच्या गाठी आल्या होत्या. त्याहीआधी, १८९६ मध्ये, ग्लासगोच्या बीटसन यांनी बीजाशय काढल्यावर स्तनातली गाठ विरघळल्याचं नोंदवलं होतं.

म्हणजे आनुवंशिकता, दूध, संप्रेरकं. बाईंच्या टेबलावर हे तीन धागे एकत्र येतात. यांतला एकच धरून इतर दोन सोडून देणं सोपं होतं आणि त्या काळी अनेकांनी तसं केलंही. बाईंनी तिन्ही धरून ठेवले. माझ्या मते त्यांची खरी थोरवी इथे आहे. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांत त्यांचं नाव घेतात, पण आनुवंशिकता एकटी काम करत नाही, हेही त्यांना पिंजऱ्यांपाशी बसून कळलं होतं.

१९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. आता त्यांच्यामागून बाल्टिमोरला या. जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत एक ड्रम संथ फिरतो आहे आणि त्यात काचेच्या नळ्या आडव्या खोचल्या आहेत. नळीत पेशी, त्यांवरून कधी पोषक द्रव वाहतो, कधी हवा. द्रवात कोंबडीचा रक्तद्रव, गाईच्या गर्भाचा अर्क आणि माणसाच्या नाळेतल्या रक्तातला द्रव. शरीराबाहेर पेशी जगवण्याची ही विद्या बाई इथे शिकतात. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या, आजही वाढत असलेल्या ‘हीला’ पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत रुजल्या.

तिथेच राहणं अवघड नव्हतं. बाई परतल्या. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. या विषयात देशात त्यांनीच वाट पाडली. मुंबईच्या पावसाळ्यात या प्रयोगशाळेत पाऊल टाका. भिंतींना ओल, हवेत बुरशीचे बीजाणू. एक बीजाणू नळीत पडला की आठवड्यांची मेहनत फुकट. काचेचं प्रत्येक भांडं आधी घासायचं, मग वाफेवर निर्जंतुक करायचं, मगच हात लावायचा. परदेशी गेलेल्या तरुण संशोधकांनी शिकून परत यावं, असा बाईंचा आग्रह असे. परतणाऱ्याला काम करायला जागा मिळेल, हे त्यांनी आधी पाहिलं होतं.

साठच्या दशकात हॉस्पिटलच्या नोंदींतून दिसत होतं की पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा जास्त आहे. समाज छोटा, लग्नं आपसातली. उंदरांच्या शुद्ध वाणांवर आयुष्य घातलेल्यांना यात काय दिसलं असेल, ते तुम्ही ओळखालच. उंदरांतल्यासारखा विषाणू स्त्रीच्याही दुधात असेल का? शोध सुरू झाला, परळच्या शास्त्रज्ञांचा त्यात सहभाग होता. १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये तसे कण दिसल्याचं छापूनही आलं. पण माणसात असा विषाणू रोगाचं कारण आहे, हे सिद्ध झालं नाही. आनुवंशिकतेचा धागा मात्र टिकला.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. कुष्ठरोग्यांच्या ऊतींतून वेगळा केलेला ‘आयसीआरसी’ जंतू, ज्यापासून पुढे कुष्ठरोगाची लस तयार झाली. १९६६ ते १९७० या काळात परळच्या त्याच संशोधन संस्थेचं प्रभारी संचालकपद. १९८२ मध्ये पद्मभूषण.

१९७३ पाशी मात्र थांबा. त्या वर्षी मुंबईत काही स्त्री-वैज्ञानिकांनी एकत्र येऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापली, बाई संस्थापकांपैकी एक. वाशीला संघटनेने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह चालवलं, मुलांसाठी पाळणाघर चालवलं. मूल कुणाकडे ठेवायचं, या एका प्रश्नावर किती जणींचं संशोधन अडतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

आणि निवृत्तीनंतर? नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात राजूरला उतरा. सत्तरी ओलांडलेल्या बाई आदिवासी मुलांच्या प्रकृतीच्या नोंदी घेत आहेत, आयांशी आरोग्याबद्दल बोलत आहेत. कामाचा शिरस्ता परळचाच, आधी मोजायचं, मग बोलायचं. ११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या.

त्याआधी, १९९० मध्ये, अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी घराण्यात उतरणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९४ मध्ये ते जनुक, बीआरसीए-वन, हाती आलं. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभरांतले पाच ते दहा रुग्णच अशा वारशातून येतात, आणि हा वारसा आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही.

आता आपल्या काळात परत या आणि एक काम करा. आई, आजी, मावशी, आत्या, चुलत्या-मामांच्या मुली यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजाशयाचा कर्करोग झाला होता का, कोणत्या वयात झाला, हे घरातल्या जाणत्या माणसांना विचारून लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तो कागद डॉक्टरांना दाखवा. आणि गाठ लागली, तर घरच्या नोंदी शोधत बसू नका. त्याच आठवड्यात दवाखान्यात जा.