हेडफोनची जुळणी (अल्पशक्ती उपकरणांशी)

मोबाइल, खिशातला म्युझिक प्लेअर, यूएसबी-सी डोंगल अशा उपकरणांना हेडफोनसाठी फार थोडी वीज देता येते. तरीही त्यांच्यावर उत्तम आवाज ऐकता येतो. तो मिळवणे हा मुख्यतः जुळणीचा प्रश्न आहे : हेडफोन उपकरणाला साजेसा हवा आणि कानात नीट बसलेला हवा. वेगळा अॅम्प्लिफायर लागतो का, हे त्यानंतर तपासायचे, आणि बहुतेक श्रोत्यांना तो लागत नाही.

हेडफोनच्या खोक्यावर ओहममध्ये इम्पीडन्स आणि डेसिबलमध्ये संवेदनशीलता छापलेली असते. ओहम जास्त म्हणजे हेडफोन चालवायला जड, ही समजूत रूढ असली तरी अर्धवट आहे. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. तेवढ्यासाठी त्याला सुमारे ३.३ मिलिवॅट पुरतात. हायफायमॅनचा एचई-६ अवघा ५० ओहमचा, पण १ मिलिवॅटला तो ८३.५ डेसिबलच देतो. त्याला १०३ डेसिबलपर्यंत न्यायला सुमारे ८९ मिलिवॅट लागतात, म्हणजे २.१ व्होल्ट आणि ४२ मिलिअँपिअर. ओहम एक षष्ठांश, वीज सत्तावीसपट! तेव्हा पाहायचा आकडा संवेदनशीलतेचा, आणि तोही कोणत्या हिशेबाने दिला आहे हे बघून. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ‘मिलिवॅटला १०० डेसिबल’ आणि ‘व्होल्टला ११५ डेसिबल’ ही एकच गोष्ट आहे; ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये मात्र या दोन मापांत जेमतेम ५ डेसिबलचे अंतर पडते. आकडे एका मापात आणल्याशिवाय दोन हेडफोनची तुलना करणे व्यर्थ आहे.

संगीतात क्षणिक उसळ्या येतात, त्यांच्यासाठी ताकद हाताशी हवी, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, पण हिशेब मांडला की त्याची धार कमी होते. सरासरी ७५ डेसिबलला ऐकताना उसळी आणखी २० डेसिबल वर गेली, तरी ९५ डेसिबलला एचडी ६५० सारख्या ‘जड’ हेडफोनलाही ०.४ व्होल्ट, म्हणजे अर्धा मिलिवॅट पुरतो. अॅपलचा छोटा डोंगल सुमारे १ व्होल्ट देतो. त्याच्या युरोपातल्या आवृत्तीचे आउटपुट मात्र निम्म्याच्या आसपास आहे. एचई-६ सारखा हेडफोन असेल, किंवा फार हळू पातळीवर मुद्रित केलेला आलाप ऐकायचा असेल आणि व्हॉल्यूम पूर्ण चढवूनही आवाज अपुरा पडत असेल किंवा फाटत असेल, तर अॅम्प्लिफायर घेणे योग्यच. त्याखेरीज तो घेऊन वापरात न येणारी ताकदच पदरी पडते.

अॅम्प्लिफायर लावल्यावर आवाज खरोखरच सुधारला, असा अनेकांचा अनुभव असतो. तो खोटा ठरवण्याचे कारण नाही, पण त्याचे श्रेय बहुधा ताकदीला देता येत नाही. एक कारण उपकरणाच्या आउटपुट इम्पीडन्समध्ये सापडते. समजा, एखाद्या इअरफोनचा इम्पीडन्स वेगवेगळ्या स्वरांना ५ ते ४० ओहम असा बदलतो. अनेक सूक्ष्म ड्रायव्हर असलेल्या इअरफोनमध्ये असे चढउतार आढळतात. उपकरणाचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल, तर काही स्वर इतरांच्या तुलनेत साडेसात डेसिबलने दबतात. तोच १ ओहम असेल, तर फरक दीड डेसिबलच्या आत राहतो. म्हणून आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम पाळतात. दुसरे कारण कानाचे आहे. हळू आवाजात खर्ज कानाला कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. अॅम्प्लिफायरने आवाज किंचित जरी चढला, तरी तो भरीव वाटतो. अॅम्प्लिफायरसह आणि त्याविना येणारा आवाज मोजून सारखा केल्याशिवाय अशी तुलना ग्राह्य धरू नये.

खर्ज हरवण्याचे सगळ्यात सामान्य कारण मात्र विजेशी संबंधित नाही. कानात बसणाऱ्या इअरफोनच्या रबरी टोकाभोवती बारीक फट राहिली, तरी डग्ग्याचा घुमारा जातो आणि नुसती चाट ऐकू येते. तो भरून काढायला इक्वलायझरने खर्ज ६ डेसिबलने चढवला तर त्या स्वरांना दुप्पट व्होल्टेज लागते, आणि इक्वलायझरमधला प्रीअॅम्प तेवढाच खाली घेतला नाही तर भरगच्च ध्वनिमुद्रण फाटते. योग्य मापाचे टोक निवडले की हे सारे टळते. ब्लूटूथ हेडफोनमुळे जुळणीचा प्रश्नच उरला नाही, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्यांत अॅम्प्लिफायर हेडफोनच्या आतच असतो, म्हणून विजेची जुळणी निर्माता करून देतो. कानातली फट त्याला बुजवता येत नाही.

घट्ट बसलेला इअरफोन बाहेरचा गोंगाटही अडवतो. त्यामुळे लोकलमध्ये २० डेसिबल कमी आवाजात ऐकता आले, तर विजेचा शंभरावा हिस्सा पुरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकात प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे. गोंगाटावर मात करण्यासाठी व्हॉल्यूम चढवणारा श्रोता ती लवकर ओलांडतो.