गॉटहार्डचा घाट आणि मदतीचा इतिहास

१/ स्वित्झर्लंडमधून एकट्याने ई-बाईकवर केलेल्या लांब पल्ल्याच्या सफरींची छायाचित्रे हल्ली वारंवार पाहण्यात येतात. त्यांखाली एक शेरा हमखास असतो : "मोटर लावून चढलात, त्यात कसला पराक्रम?" हा शेरा आजचा नाही. तो सव्वाशे वर्षांचा जुना आहे. आल्प्समधील एका घाटाच्या इतिहासावरून त्याला उत्तर देता येते का, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ प्रथम यंत्राविषयी. आपल्याकडे ई-बाईक म्हटले की विजेवर धावणारी दुचाकी डोळ्यांपुढे येते. येथे अभिप्रेत आहे ती पेडलची सायकल. पाय चालले तरच तिची मोटर साथ देते. पाय थांबले की मोटरही थांबते. युरोपीय संघाच्या नियमानुसार अशा सायकलची मोटर जास्तीत जास्त २५० वॅटची असते आणि ताशी २५ किलोमीटर वेगाला तिची मदत बंद होते.

३/ कल्पना मात्र जुनी. अमेरिकेत ऑग्डन बोल्टन यांना मागच्या चाकात विजेची मोटर बसवलेल्या सायकलचे पेटंट १८९५ सालीच मिळाले होते. त्या काळच्या अवजड बॅटऱ्यांमुळे ती कल्पना फारशी पुढे सरकली नाही. पायाच्या जोराला जोड देणारी सायकल बाजारात आणली ती जपानच्या यामाहा कंपनीने, १९९३ साली.

४/ आता घाट. स्वित्झर्लंडने १९९८ साली नऊ राष्ट्रीय सायकलमार्ग आखून खुले केले. त्यांतील तिसरा मार्ग उत्तरेच्या बाझलपासून इटलीच्या सीमेवरील कियासोपर्यंत जातो. वाटेत गॉटहार्डची खिंड लागते. उंची २१०६ मीटर. सफर करणाऱ्याची खरी कसोटी येथेच. आणि युरोपच्या वाहतुकीचा इतिहास एकाच चढावर वाचायचा असेल, तर याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

५/ या खिंडीच्या उत्तरेला शोलेनेन नावाची अरुंद, खोल घळ आहे. तेराव्या शतकात तेथे पूल झाला आणि वाट वाहती झाली. माणसाला असा पूल बांधता येणे शक्यच नाही, तो सैतानाने बांधला, अशी लोककथा रूढ झाली. आजही त्याचे नाव 'सैतानाचा पूल' असेच आहे. खिंडीच्या माथ्यावर वाटसरूंसाठी धर्मशाळा होती, तीही त्याच शतकातली.

६/ माल वाहत असत खेचरे व घोडे घेऊन चालणारे 'झॉयमर'. आपल्याकडे घाट चढणारे लमाणांचे तांडे आठवावेत. दरीतील गावांचे संघ होते. प्रत्येक संघाकडे आपापल्या टप्प्यावर माल वाहण्याचा हक्क असे आणि तेथील वाट राखण्याची जबाबदारीही. टप्पा संपला की माल वखारीत उतरे आणि पुढच्या गावाची जनावरे तो उचलत. घाट कोणीही एकट्याच्या बळावर चढत नसे.

७/ १८३० च्या सुमारास गाडीरस्ता झाला. दक्षिण उतारावरील 'ट्रेमोला' ही दगडी फरसबंदीची नागमोडी वाट त्याच काळातली. १८४२ पासून पाच घोड्यांची टपालगाडी रोज या रस्त्याने धावू लागली. ठरावीक ठाण्यांवर घोडे बदलत. थकलेले घोडे सोडून ताजे जुंपल्याबद्दल टपालगाडीतील उतारूला कोणी लबाड ठरवले नाही.

८/ १८७३ साली चित्रकार रुडॉल्फ कोलर यांनी भरधाव उतरणारी हीच टपालगाडी रंगवली. चित्र स्विस घराघरांत प्रसिद्ध झाले. पण ते मुळात तयार झाले एका रेल्वे कंपनीतर्फे आल्फ्रेड एशर यांना भेट देण्यासाठी. आणि गॉटहार्ड रेल्वेचे प्रमुख प्रवर्तक हेच एशर! १८८२ साली सुमारे १५ किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि टपालगाडीची सद्दी संपली. त्या बोगद्याच्या कामात सुमारे २०० मजुरांनी प्राण गमावले. जुन्या साधनाचे गहिवर नव्या साधनाच्या दारातच दाटून येतात, ते असे.

९/ आपल्या बोरघाटाचेही उदाहरण घ्या. १८६३ साली तेथून रेल्वे सुरू झाली. आजही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागतात आणि ती तिला लोणावळ्यापर्यंत रेटतात. म्हणून 'ही गाडी स्वतः पुण्याला पोहोचलीच नाही' असे कोणी म्हणत नाही. मग सायकलस्वारावरच हा आक्षेप का? त्यासाठी फ्रान्सकडे वळावे लागेल.

१०/ पॉल द व्हिवी, टोपणनाव व्हेलोसिओ (१८५३-१९३०). सेंत-एतियेन येथील या रेशीम व्यापाऱ्याने १८८७ साली सायकलींना वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि गियर बदलता येणाऱ्या सायकलीचा आयुष्यभर पुरस्कार केला. सायकल ही शर्यतीपुरती नाही, देश पाहण्यासाठी आहे, ही त्यांची भूमिका. चढावर गियर हलका करता आला, तर सामान्य प्रकृतीचा माणूसही डोंगर पाहू शकेल.

११/ १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ मार्गावर चाचणी घेतली. गियरवाल्या सायकलीवर मार्त हेस ही स्त्री होती, तर एकाच गियरच्या सायकलीवर एदुआर फिशर हा नामांकित शर्यतपटू. हेस यांनी संपूर्ण मार्गात कोठेही पाय जमिनीला टेकवला नाही, असा निर्वाळा समर्थकांनी दिला. यावर 'लोतो' दैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांचे मत असे, की गियर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. खरा विजय स्नायूंच्या बळावरच मिळवावा.

१२/ हेच देग्रांज पुढच्या वर्षी, १९०३ साली, 'तूर द फ्रान्स' शर्यतीचे जनक ठरले. तेथे अनेक वर्षे शर्यतपटू चढाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या दातेरी चक्रावर साखळी चढवत. चालता चालता गियर बदलण्याची सर्वांना मुभा मिळाली ती १९३७ साली. त्या वर्षीचा विजेता रोजे लापेबी गियरवरच जिंकला. आज गियरवाल्या सायकलस्वाराला कोणी लबाड म्हणत नाही.

१३/ म्हणजे वाद यंत्राचा नव्हताच. डोंगरावर हक्क कोणाचा, हा वाद होता. देग्रांज यांच्या टोमण्यात वय होते आणि त्यामागच्या प्रसंगात एक स्त्री होती. आजच्या शेऱ्यातही साठीचे गृहस्थ, गुडघे दुखणारी प्रवासिनी, आजारातून उठलेला तरुण हेच वगळले जातात. पराक्रमाची व्याख्या जितकी अरुंद, तितकी इतिहासात दिसणारी माणसे थोडी.

१४/ मात्र दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी एकट्या सायकलवर भारताकडे निघाल्या आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून दिल्लीला पोहोचल्या. निघण्यापूर्वी त्यांनी सायकलीचे गियर काढून टाकले! आशियातील रस्त्यांवर ती नाजूक यंत्रणा टिकणार नाही, हे त्यांचे कारण. ज्या मदतीची वाटेत दुरुस्ती होत नाही, ती मदत ओझे ठरते.

१५/ ई-सायकलला हा नियम तंतोतंत लागू पडतो. गोशेनेन गावापासून माथा सुमारे १००० मीटर उंच. स्वार, सायकल व सामान मिळून ११० किलो धरले, तर केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे ३०० वॅट-तास ऊर्जा लागते. वीजबिलाच्या भाषेत युनिटचा तिसरा हिस्सा. घर्षणात व मोटरमध्ये जाणारी ऊर्जा वेगळी. ५०० वॅट-तासांची बॅटरी पायांच्या साथीने हा घाट चढवते. पण मुक्कामी प्लग हवाच. घोडे बदलण्याचे ठाणे गेले, त्याजागी भिंतीतला प्लग आला.

१६/ स्वित्झर्लंडची निम्म्याहून अधिक वीज जलविद्युत आहे. म्हणजे डोंगरावरून खाली आलेले पाणीच स्वाराला डोंगरावर चढवण्यास हातभार लावते. त्यामागे धरणे, तारा, रस्ते, पाट्या आणि त्या राखणारी माणसे आहेत. पूर्वी झॉयमरांचे संघ होते तशीच. मर्फी यांनीही सुटे टायर वाटेवरच्या ब्रिटिश वकिलातींकडे आधीच धाडले होते. 'एकट्याने' हा शब्द खरा आहे, पण तो अपुरा आहे.

१७/ म्हणून प्रवासवर्णन वाचताना 'मदत घेतली का?' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. मदत प्रत्येकाने घेतली. 'मदत कोणाची होती, ती कोणी उभारली, आणि तिच्यामुळे कोणाला प्रथमच ती वाट चालता आली?' असे विचारावे. मग त्या छायाचित्रात एकटा स्वार दिसेल आणि त्याच्या मागे आठशे वर्षांची रांगही दिसेल.

आपल्या परिसरातील एखाद्या घाटाची अशी कथा ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा. सह्याद्रीच्या घाटवाटांवर स्वतंत्र थ्रेड करण्याजोगे पुष्कळ आहे.