चार्वाक दर्शन
परलोक, पुनर्जन्म व कर्मफल नाकारून ऐहिक जीवनच खरे मानणारे प्राचीन भारतीय जडवादी दर्शन. ‘लोकायत’ हे त्याचे दुसरे नाव. प्रत्यक्ष हेच प्रमाण. पृथ्वी, आप, तेज व वायू ही चारच भूते. आंबवलेल्या द्रव्यांत मादकता यावी तसे भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते आणि देहाबरोबर संपते. श्राद्धाचे अन्न मृताला पोचत असेल, तर प्रवाशाने शिदोरी का न्यावी, असा चार्वाकांचा सवाल. त्यांची मूळ सूत्रे लुप्त असून माहिती मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतून, उदा., माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहातून (१४ वे शतक) मिळते. त्यामुळे कर्ज काढून चैन करणारे ही त्यांची प्रतिमा एकांगी ठरते. मराठीत आ. ह. साळुंखे यांनी आस्तिकशिरोमणी चार्वाक या ग्रंथात त्यांची नव्याने मांडणी केली आहे.