होकायंत्राचे विचलन : जहाजापासून लहान विमानापर्यंत

होकायंत्राचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा त्याच्या शोधाचा काळ आणि स्थळ यांतच गुंतून पडतात. प्रस्तुत टिपणात तो प्रश्न बाजूस ठेवला असून, होकायंत्र चुकते कसे आणि ती चूक सुधारण्याची विद्या कशी घडत गेली, एवढाच विचार केला आहे. लहान विमानाच्या चालकापुढे आजही बसविलेले असते ते द्रवयुक्त चुंबकीय होकायंत्र या विद्येचेच अपत्य होय. ते समजून घ्यावयाचे तर आरंभ समुद्रावर करावा लागतो.

मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी १८०१ ते १८०३ या काळात ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची पाहणी केली. जहाजाचे तोंड ज्या दिशेस असेल त्यानुसार सुईची चूक बदलते आणि तिचे मूळ जहाजावरील लोखंडात आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. जहाज तेव्हा लाकडी होते. पुढे जहाजेच लोखंडाची होऊ लागली आणि प्रश्न बिकट झाला. १८३८ मध्ये जॉर्ज बिडेल एअरी यांनी ‘रेनबो’ या लोखंडी जहाजावर प्रयोग करून होकायंत्राभोवती चुंबक व मृदू लोखंड अशा बेताने ठेवले की जहाजाचा परिणाम त्यांनीच खोडून काढावा. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार होता.

विल्यम स्कोर्झबी यांना मात्र तो धोक्याचा वाटला. बांधणीच्या वेळी जहाज ज्या दिशेस उभे असते त्या दिशेनुसार घणाच्या ठोक्यांनी त्यात चुंबकत्व भरते; समुद्रात लाटांचे तडाखे बसू लागले की ते पालटते. मग बंदरात बसविलेले चुंबक केवळ खोटा विश्वास देणार, असा त्यांचा आक्षेप होता. २१ जानेवारी १८५४ रोजी ‘टेलर’ हे नवे लोखंडी जहाज पहिल्याच सफरीत डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर आदळले व ३०० हून अधिक माणसे बुडाली. या अनर्थात होकायंत्रांच्या चुकीचा मोठा वाटा मानला जातो. स्कोर्झबी १८५६ मध्ये, वयाच्या सासष्टीत, ‘रॉयल चार्टर’ जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेले ते हे बदल स्वतः मोजण्यासाठी. या वादात दोघेही आपापल्या परीने खरे ठरले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एअरी यांची रीत टिकली, आणि स्कोर्झबी यांची शंका ‘ही दुरुस्ती पुनःपुन्हा करावी’ या नियमाच्या रूपाने टिकली.

विमानाने आणखी एक संकट उभे केले. पहिल्या महायुद्धात ढगात शिरलेल्या वैमानिकांना वळण घेताना होकायंत्र भलतेच काही दाखवीत असल्याचा अनुभव येऊ लागला. त्याचा उलगडा फार्नबरो येथील विमान कारखान्यात कीथ लुकास यांनी केला. हे गृहस्थ मूळचे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ, मज्जातंतूंच्या संवेदनांचे अभ्यासक. वळताना विमान कलते, त्याबरोबर तबकडीही कलते, आणि एरवी निष्प्रभ असलेला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा उभा घटक सुईला ओढू लागतो; उत्तरेकडे तोंड असताना ही चूक सर्वांत अधिक, असे त्यांनी दाखविले. ऑक्टोबर १९१६ मध्ये आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन त्यांचा अंत झाला. लंडनजवळ चुंबकीय नती सुमारे ६६ अंश आहे, तर मुंबईजवळ ती २५ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे सारख्याच कलाच्या वळणात ही चूक इंग्लंडमध्ये आपल्याकडच्यापेक्षा चौपटीहून अधिक प्रबळ असते. ती तेथील ढगांत प्रथम जाणवावी यात नवल नाही.

आता दुरुस्तीच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू. डबीतील द्रव तबकडीचे हेलकावे आवरतो. तो पाझरला की बुडबुडा होतो आणि तबकडी अडखळते. टोकदार खुंटी झिजली तर घर्षण वाढते. त्याची परीक्षा सोपी आहे : चुंबक जवळ नेऊन तबकडी हलवावी, चुंबक दूर करावा आणि ती पूर्वीच्याच अंकावर परतते की नाही ते पाहावे. यानंतरचे काम विचलन काढण्याचे. इमारती व लोखंडी सामान यांपासून दूर, आखलेल्या जागेवर विमान उड्डाणातल्याप्रमाणे समतल उभे करतात, इंजिन व विद्युत् उपकरणे चालू ठेवतात. प्रथम उत्तर आणि पूर्व या दिशांना स्क्रूच्या साहाय्याने आतील लहान चुंबक फिरवून चूक शून्यावर आणतात. दक्षिण व पश्चिम या दिशांना मात्र उरलेल्या चुकीचा निम्माच भाग काढतात. पुरा काढला तर उत्तरेची व पूर्वेची दुरुस्ती तेवढीच बिघडेल. स्क्रू फिरविण्याचे हत्यार पितळेचे हवे. पोलादी हत्याराने काम करणारा स्वतःच्याच हाताने चूक घालीत असतो. शेवटी दर ३० अंशांवर वाचन घेऊन उरलेली चूक एका पत्रकावर लिहितात आणि ते पत्रक यंत्राशेजारी लावतात. इंजिन बदलले, वीज पडली किंवा नवे उपकरण बसविले की हे सर्व पुन्हा करावयाचे. स्कोर्झबी यांची शंका येथे स्पष्ट ऐकू येते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले ते ‘पस मॉथ’ विमानातून. त्याच्या कापडाच्या आवरणाखाली पोलादी नळ्यांचा सांगाडा होता. म्हणजे ‘रेनबो’पुढचा प्रश्न लहान प्रमाणात येथेही होताच.

होकायंत्रावरून खरी उत्तर काढावयाची तर विचलनाखेरीज त्या स्थळाचा दिक्पातही ठाऊक हवा. मुंबईत तो हल्ली एका अंशाच्या आत आहे. तो मोजणाऱ्या कुलाबा वेधशाळेवरही एकदा असाच प्रसंग आला. १८४० नंतरच्या दशकात सुरू झालेली तेथील चुंबकीय मापने विजेच्या ट्रामगाड्यांच्या प्रवाहाने बिघडणार, हे ध्यानी घेऊन नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत नवी वेधशाळा अलिबागेस उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर वाचने घेण्यात आली, आणि त्यांचा परस्परसंबंध निश्चित झाल्यावरच कुलाब्याची मापने थांबविण्यात आली. मुंबईत विजेची ट्राम धावू लागली ती १९०७ मध्ये.