वाटेवरचा विश्वास

नागपूरहून पांढुर्णा, मुलताई आणि बैतूल या गावांवरून उत्तरेकडे जाणारी सडक आपणांपैकी पुष्कळांच्या पायाखालची आहे. तिच्यापलीकडे महादेवाचे डोंगर लागतात. त्या डोंगरांतील दोनशे वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणाचा आजच्या बिनतारी संदेशवहनाशी निकटचा संबंध आहे, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल. परंतु तो आहे.

निरोपाला दोन भये असतात. एक मजकूर फुटण्याचे, दुसरे वाट फुटण्याचे. पहिल्यावर सांकेतिक भाषेचा उपाय चालतो, दुसऱ्यावर चालत नाही. पानिपतावर अब्दालीने मराठ्यांच्या छावणीच्या वाटा रोखल्या, तेव्हा उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना खात्रीची बातमी मिळेना. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. पराभवाची वार्ता त्यांना कळली ती औरंगाबादेच्या सावकारांकडे निघालेल्या एका कासिदाच्या पत्रातून. मोती आणि मोहरा अशा सांकेतिक शब्दांतील ते पत्र दुसऱ्याच्या नावाचे होते. तरी ते वाटेत फोडले गेले आणि त्याचा अर्थही उमगला.

आता आपल्या भागाकडे वळू. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. बाजीरावाशी संधान बांधल्याच्या आरोपावरून रेसिडेंट जेंकिन्सने मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना कैद केले. अलाहाबादेकडे नेत असता मे महिन्यात पहाऱ्यावरील काही शिपाई फितले आणि आप्पासाहेब शिपायाच्याच पोशाखात निसटले. पुढे कित्येक महिने ते महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांच्या आश्रयाने राहिले. २० जुलै रोजी बैतूलनजीक कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली. कंपनीने आप्पासाहेबांना पकडून देणाऱ्यास मोठे बक्षीस लावले. परंतु ते घेण्यास कोणी पुढे आले नाही. फेब्रुवारी १८१९ मध्ये ते डोंगर सोडून असीरगडाकडे निघून गेले.

या हकिगतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कंपनीच्या शिपायांचे गणवेष खरे होते, त्यांची नावे हजेरीपटावर होती. खोटी होती ती त्यांची निष्ठा. उलट डोंगरात ना गणवेष ना हजेरीपट. तेथील विश्वास मात्र मोठ्या लोभापुढेही टिकला.

आज अशी बिनतारी जाळी उभारता येतात की ज्यांना मनोरा लागत नाही. रणांगणावर, अथवा भूकंपात तारा तुटल्या असता, प्रत्येकाजवळचे यंत्रच दुसऱ्याचा निरोप पुढे देते. यंत्रे फिरती असल्यामुळे वाट दर वेळी नव्याने विचारावी लागते. एक यंत्र शेजाऱ्यास पुसते, ‘अमक्याकडे कसे जावे?’ तो आपल्या शेजाऱ्यास पुसतो, आणि उत्तर उलट फिरून येते. येथेच दगलबाजास संधी मिळते. ‘सर्वांत जवळची वाट माझ्याकडून आहे’ अशी थाप मारून तो सारे निरोप आपल्याकडे ओढतो आणि गिळून टाकतो. शास्त्रज्ञ यास कृष्णविवर म्हणतात.

आरंभीच्या पद्धती सर्व यंत्रे प्रामाणिक आहेत असे गृहीत धरून रचल्या होत्या. मग उपाय निघाले. सन २००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी शेजाऱ्यावर कान ठेवणारा पहारेकरी सुचविला. दिलेला निरोप शेजारी खरोखर पुढे धाडतो की नाही, हे तो ऐकतो. सन २००२ मध्ये ‘अरिआड्नी’ नावाची पद्धत पुढे आली. तीत वाटेवरील यंत्रांना आपली ओळख गणिती मोहोरेने पटवावी लागते, त्यामुळे वाटेची माहिती मध्येच बदलणे कठीण होते.

तरीही मोहोर एवढेच सांगते की हा माणूस तोच आहे. तो प्रामाणिक आहे, हे ती सांगू शकत नाही. फितलेल्या शिपायाजवळही खरी मोहोर असतेच. म्हणून ओळख पटली तरी वर्तन पाहत राहावे, आणि महत्त्वाचा निरोप एकाच वाटेवर सोपवू नये, हेच शहाणपणाचे ठरते. पेशव्यांना पानिपताची बातमी कळली, तीही सरकारी वाटा बंद असता सावकारांची एक वेगळी वाट चालू होती म्हणूनच.