मालकाशी बोलणार कोण?

मुंबईत अंधेरी स्टेशनावर उतरून पूर्वेकडे निघाले की मरोळ लागते. एके काळी हे साष्टी बेटावरचे भातशेतीचे खेडे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि पुढे त्याची एक वसाहत इथे वसली. यंत्रसामानाचे, औषधांचे, छपाईचे कारखाने आले. 1973 साली शेजारीच निर्यात मालासाठी 'सीप्झ' उभे राहिले. आज तिथे कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती अधिक दिसतात. पण आज मी आपल्याला इमारतींची हकीकत सांगणार नाही. कारखान्याच्या फाटकाशी कामगाराला पडणारा एक जुना प्रश्न आहे, त्याची हकीकत सांगणार आहे. आपल्या वतीने मालकाशी बोलणार कोण, आणि ते ठरवणार कोण?

गावात बांधावरून तंटा झाला की दोन्ही बाजू आपापला माणूस पुढे करतात. समजा, समोरचा म्हणाला, "तुमचा माणूस मी ओळखत नाही. तुमच्यातर्फे कोणी बोलायचे ते मी सांगतो." मग त्या बोलण्यांना काय अर्थ उरला? युनियनच्या मान्यतेचा सारा वाद एवढाच आहे. नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी. नोंदणी सरकारदरबारी होते. मान्यता म्हणजे, कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार हिचा, असे मालकाने कबूल करणे.

मुंबईत या प्रश्नाची सुरुवात झाली ती गिरण्यांत. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. त्यांच्या संस्थेपाशी सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते. सरकारी अहवालात तसा शेरा पडला. तरीसुद्धा 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. लोखंड्यांचे म्हणणे ऐकले गेले, पण ऐकणे न ऐकणे हे अजून मालकाच्या मर्जीवर होते.

मर्जी फिरली की काय होते, हे मद्रासला दिसले. तिथे 1918 साली बी. पी. वाडिया यांच्या पुढाकाराने मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. थोड्याच वर्षांत गिरणीच्या कंपनीने पुढाऱ्यांवर हायकोर्टात दावा लावून मनाई हुकूम मिळवला. कामगारांना संघटित करणे हाच जणू गुन्हा ठरला! मग ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा विषय लावून धरला आणि 1926 चा ट्रेड युनियन कायदा झाला. त्याने युनियनला नोंदणी मिळाली, पुढाऱ्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण मिळाले. मात्र मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे, असे त्यात कुठेही नव्हते. 1947 साली तशी दुरुस्ती मंजूर झाली खरी, पण ती कधी अमलात आलीच नाही.

मुंबई सरकारने 1946 साली वेगळी वाट धरली. एका गावात एका धंद्याची एकच 'प्रातिनिधिक' युनियन. कायद्याने बोलणार ती तीच. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. मरोळसारख्या भागातले यंत्रांचे नि औषधांचे कारखाने मात्र या कायद्याबाहेर होते. तिथे मान्यता पुन्हा मालकाच्या खुशीवरच राहिली.

ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने 1971 साली कायदा केला. तो 1975 च्या सप्टेंबरात अमलात आला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, लागोपाठ सहा महिने तीस टक्के सभासद दाखवणाऱ्या युनियनने औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज करावा, आणि निकाल न्यायालयाने द्यावा, मालकाने नव्हे, असे ठरले. मान्य युनियनला कारखान्यात वर्गणी गोळा करण्याचा, सूचनाफलक लावण्याचा, चौकशीत कामगाराच्या बाजूने उभे राहण्याचा हक्क मिळाला. तिच्याशी प्रामाणिकपणे वाटाघाटी न करणे हे मालकाचे अनुचित वर्तन ठरले. हक्कांबरोबर युनियनवर बंधनेही आली: दर तीन महिन्यांच्या आत कार्यकारिणीची सभा, ठरावांची नोंदवही, हिशेबाची तपासणी.

आता आपण विचाराल, सभासद मोजायचे कसे? वर्गणीच्या पावत्यांवरून आणि सभासदांच्या नोंदवहीवरून. गुप्त मतदान नाही. इथेच खरी मेख आहे. कागदावरची युनियन एक आणि कामगारांच्या मनातली दुसरी, असे झाले तर काय, याचे उत्तर गिरणगावाने दिले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. सामंतांनी आपले काम सुरू केले होते ते मरोळजवळच, घाटकोपरच्या दगडखाण कामगारांत. गिरण्यांत त्यांच्या युनियनला मान्यता नव्हती, आणि 1946 चा कायदा रद्द करा, ही संपाची एक प्रमुख मागणी होती. मालक आणि सरकार कायद्याकडे बोट दाखवीत राहिले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; तो विरत गेला. तो फसण्याची कारणे अनेक आहेत. पण ज्याच्यामागे कामगार होते त्याला बोलण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याच्यामागे कामगार नव्हते, हे त्यातले मोठे कारण. कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात ज्या घरी मुंबईची मनीऑर्डर येणे थांबले, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

संसदेने 2020 साली औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. एकाहून अधिक युनियन असतील तर 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियनच वाटाघाटी करील. तितका कोणालाच नसेल, तर वीस टक्क्यांवरच्या युनियनचे मंडळ बसेल.

टक्के बदलले, पण प्रश्न बदललेला नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात मॉनिटर नेमताना मुलांना विचारून पाहा: गुरुजींनी नेमलेला आणि मुलांनी निवडलेला, यांत फरक काय? मुले चटकन सांगतील. आणि गावकरी मंडळींनो, आपल्या दूध सोसायटीच्या सभेला आपण जातो का, हिशेब विचारतो का? कायदा युनियनला मालकापुढे खुर्ची देऊ शकतो. त्या खुर्चीवर बसलेला माणूस आपला राहील की नाही, हे मात्र सभेला हजर राहणाऱ्यांनीच पाहावे लागते.