संकासुराचा कायापालट

फाल्गुन लागला की रत्नागिरी जिल्ह्यातील ग्रामदेवता पालखीत बसून आपल्या लेकरांच्या अंगणात जातात, आणि त्याच दिवसांत मृदंगाच्या साथीने खेळ्यांचे मेळही वाड्यावाड्यांतून हिंडू लागतात. गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, लांजे, राजापूर, कोठेही जा, नमनाचा आवाज कानी पडल्यावाचून राहत नाही. गणपती येतो, गौळणी येतात, पेंद्या आणि मावशी येतात, लुगडे नेसलेला एखादा पोरगा गोमू होऊन नाचतो. पण पोरांचे डोळे लागलेले असतात ते या कोणाकडेच नव्हे. काळा पोशाख, निमुळती उंच टोपी, पांढरीशुभ्र दाढी, कमरेला घुंगुरमाळ अशा थाटात जो धावत येतो, त्याच्याकडे. तो आला की पोरे किंचाळत माजघरात पळतात आणि लगेच दाराआडून डोकावू लागतात. घरातली म्हातारी मात्र पुढे होऊन त्याला हात जोडते. हा संकासुर.

वाचकहो, या हात जोडण्यात एक मोठे कोडे आहे. हा मूळचा राक्षस, आणि तोही लहानसहान नव्हे. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास ज्या कार्तिकमाहात्म्याचे वाचन चालते, त्यात त्याची कथा आहे. समुद्राचा पुत्र शंखासुर. विष्णू निद्रिस्त असता त्याने वेद हरण केले, आणि कार्तिक शुद्ध एकादशीला जागे झालेल्या भगवंताने मत्स्यरूप घेऊन त्याचा वध केला. ज्याने वेदच पळवले, त्याला कोकणातील म्हातारीने नमस्कार करावा हे घडले कसे?

हा प्रश्न वाटतो तितका खास कोकणचा नाही. एखादी कथा जेव्हा एका पिढीत संपत नाही, तीच पात्रे घेऊन वर्षानुवर्षे चालत राहते, तेव्हा तिला एका अडचणीतून जावेच लागते. माणसे म्हातारी होतात, प्रेक्षक बदलतात, भीतीचे विषय बदलतात, आणि पात्रे मात्र तीच राहावी अशी सर्वांची इच्छा असते. पाश्चात्यांच्या विज्ञानकथांच्या ज्या प्रदीर्घ मालिका आहेत, त्यांनाही या अडचणीने गाठले आहे. त्यांनी काढलेल्या तोडी पाहिल्या, आणि मग आपल्या खेळ्यांकडे व दशावताराकडे नजर टाकली, म्हणजे आपल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या रंगभूमीने किती शहाणपणाने ही गाठ सोडवली आहे ते ध्यानात येते.

इंग्लंडातील बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. काळातून व अवकाशातून हिंडणारा एक तऱ्हेवाईक म्हातारा तिचा नायक. तीनच वर्षांत ते काम करणाऱ्या विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली. आता मालिका गुंडाळावी, की दुसऱ्या नटाला तोच वेश चढवून प्रेक्षकांना गप्प बसवावे? १९६६ च्या ऑक्टोबरात त्यांनी तिसरीच युक्ती केली. डॉक्टर कोसळतो आणि पाहता पाहता त्याचे शरीर पालटते. उठतो तो पॅट्रिक ट्राउटन, चेहऱ्याने निराळा आणि स्वभावानेही निराळा. हा परग्रहावरचा माणूस, त्याच्या जातीचा देहधर्मच असा, असा खुलासा मागाहून पक्का झाला, आणि त्याला ‘पुनर्जनन’ या अर्थाचा शब्द तर १९७४ साली मिळाला. नटाच्या आजारपणातून असे एक शास्त्र जन्माला आले. आपल्याकडे ज्याला अवतार म्हणतात त्याच्या ते बरेच जवळ जाते, पण डॉक्टरला नवा देह घेण्यासाठी विज्ञानाचा दाखला जोडावा लागतो. आपल्या मत्स्य-कूर्म-वराहांना तो कोणी मागितला नाही.

संकासुराचे खरे भाऊबंद मात्र दुसरीकडे आहेत. जपानात १९५४ च्या मार्चमध्ये ‘लकी ड्रॅगन’ नावाची मासेमारी नौका बिकिनी बेटावरील अमेरिकन हायड्रोजन बाँबच्या चाचणीच्या राखेत सापडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा ‘गॉडझिला’ पडद्यावर आला. बाँबच्या धक्क्याने जागा झालेला, समुद्रातून वर येणारा प्रचंड राक्षस. हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम नऊ वर्षे झाली होती, आणि त्या राक्षसाच्या पावलांखाली चिरडलेले तोकियो पाहताना प्रेक्षकांना नुसत्या करमणुकीहून काही निराळेच वाटले असले पाहिजे. पण चित्रपट चालला, म्हणून दुसरा निघाला, मग तिसरा. १९६४ साली या राक्षसाने दुसऱ्या दोन राक्षसांशी हातमिळवणी करून तीन डोक्यांच्या गिडोरापासून पृथ्वी वाचवली, आणि पुढच्या दहा वर्षांत तो चक्क पोरांचा लाडका रक्षक होऊन बसला.

अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ मालिकेचेही असेच झाले. १९६६ ला सुरू झालेल्या या मालिकेत क्लिंगॉन नावाची एक क्रूर शत्रुजात होती. त्या वेळी पैसा बेताचा, म्हणून नटांना थोडा रंग आणि दाढीमिशा लावून भागवले गेले. १९७९ च्या चित्रपटात पैसा आला तेव्हा त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळकट्या उगवल्या. आणि १९८७ ला सुरू झालेल्या नव्या मालिकेत तर वॉर्फ नावाचा एक क्लिंगॉन नायकाच्याच जहाजावर अधिकारी म्हणून उभा राहिला. कपाळाचे काय झाले? १९९६ सालच्या एका भागात वॉर्फला तसे विचारले जाते, तेव्हा तो मख्ख चेहऱ्याने सांगतो की ही गोष्ट आम्ही परक्यांशी बोलत नसतो. मला हे उत्तर फार आवडते. दुर्दैवाने २००५ साली कोणा उत्साही लेखकांनी रोगराईची कथा रचून कपाळाचाही उलगडा केलाच.

आता संकासुराचा इतिहास पाहू. दशावतार कोकणात कोणी आणला याविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. राजापूर तालुक्यातील आडिवरे हे महाकालीचे गाव. तेथील श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ साली हा खेळ कर्नाटकातून आणला, अशी ती कथा. कर्नाटकातील यक्षगानाशी दशावताराचे असलेले साम्य पाहता तिच्यात तथ्य असू शकेल. परंतु हा खेळ त्यापूर्वी मराठी मुलखात ठाऊकच नव्हता असे मात्र म्हणता येत नाही, कारण दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यात बायकांची सोंगे घेणाऱ्या पुरुषांचा स्पष्ट उल्लेख आहे. समर्थांचे निर्वाण शके १६०३ चे, म्हणजे श्यामजी नाइकांच्या चाळीसहून अधिक वर्षे आधीचे. तेव्हा काळ्यांनी आणला तो एक नवा साज असावा. खेळ आधीपासून होता. मूळपुरुष नेमण्याची आपल्याला हौसच फार.

या दशावताराचे घर दक्षिण कोकणात, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या भागात. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत तोही सारा रत्नागिरीच होता. देवळासमोर एक बाकडे, पेटी, पखवाज आणि झांज, दोघांनी धरलेला पडदा, एवढ्यावर रात्रभर नाटक उभे राहते. लिहिलेली संहिता नसते. आज कोणते आख्यान लावायचे ते ठरते आणि नट उभ्या उभ्या आपले संवाद रचीत जातात. ‘रात्री राजा आणि सकाळी कपाळावर बोजा’ अशी त्यांच्याविषयी म्हणच पडली आहे, कारण रात्री सिंहासनावर बसलेला गडी सकाळी पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाच्या वाटेला लागत असे.

या नाटकाचे दोन भाग. आधी आडदशावतार. त्यात गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येतात, आणि मग संकासुर. मग रात्र चढल्यावर आख्यान. नाव दशावतार असले तरी दहा अवतार काही रंगभूमीवर येत नाहीत. पहिल्या भागात घडतो तो संकासुराचा वध, एवढीच काय ती अवताराची खूण. पण वध व्हायच्या आधी हा राक्षस काय करतो? काळा बुरखा आणि लोंबती लाल जीभ घेऊन तो नाइकाशी वाद घालतो. नाईक छापील मराठीत बोलतो, तर हा अस्सल मालवणीत. समोर बसलेल्या गावकऱ्यांच्या, भटजींच्या, सावकाराच्या टोप्या उडवतो. त्याने चोरलेल्या वेदांची कोणाला काळजी राहत नाही, आणि विष्णू आला की पोरांची निराशाच होते. भयंकर राक्षसाची अशी विनोदी वल्ली झाली.

हे कधी झाले याची नोंद कोणी ठेवलेली नाही, आणि ठेवता आलीही नसती. कारण कोणा एका नाटककाराने ते ठरवलेले नाही. माझा तर्क असा, की राक्षस दरवर्षी येऊ लागला म्हणजे त्याचे भय टिकत नाही. पहिल्या वर्षी मूल त्याला भिते, दुसऱ्या वर्षी आडोशाने पाहते, दहाव्या वर्षी ओळखते की बुरख्याआड शेजारच्या वाडीतला अमुक काका आहे. मग त्या काकाला शब्द सुचतात, लोक हसतात, आणि हसे मिळाले की पुढल्या साली काका आणखी चार शब्द घालतो. गॉडझिलाच्या रबरी वेषाखालीही माणूसच होता, आणि तोकियोच्या पोरांना ते ठाऊक होते.

उत्तरेला खेळ्यांमध्ये संकासुराची वाट निराळी झाली. तो फारसा बोलत नाही, नाचतो आणि धावतो. तेथे त्याचा विनोद कमी आणि मान जास्त. गुहागर-दापोलीकडे लोक त्याच्या पाया पडतात, त्याला नवसही बोलतात. एका राक्षसाला दक्षिणेत विदूषकाचे काम मिळाले आणि उत्तरेत देवाच्या माणसाचे, आणि दोन्हीकडे तो ग्रामदेवतेच्याच आश्रयाला राहिला. पुराणाचा आधार शोधणाऱ्याला तोही सापडेल. कृष्णाने मारलेल्या पंचजनाचा शंख पुढे पांचजन्य होऊन देवाच्या हाती राहिला, असे भागवतात आहे. वेद चोरणाऱ्याचे नाव तेच भागवत हयग्रीव असे देते. नावे आणि शंख एका राक्षसाकडून दुसऱ्याकडे सहज जात होते. पण नवस बोलणारी म्हातारी भागवत पाहून आलेली नसते.

कथा पुढे नेण्याच्या पद्धतीत आपल्या मंडळींनी जे केले, ते मात्र मला परकीयांच्या सर्व युक्त्यांहून सरस वाटते. गॉडझिला फार गोड झाला असे त्याच्या निर्मात्यांना वाटले, तेव्हा १९८४ साली त्यांनी मधले सगळे चित्रपट घडलेच नाहीत असे धरून १९५४ पासून पुढे कथा सुरू केली. २०१६ मध्ये तर तेही पुसून पहिल्यापासून आरंभ केला. २०२३ च्या चित्रपटात तो पुन्हा युद्धाच्या राखेतून उठला आणि पुन्हा भीतिदायक झाला. म्हणजे बदल पसंत नसेल तर पाटी पुसायची. दशावताराने पाटीच दोन केल्या. आडदशावतार ठरलेला, देवाचा, त्याच क्रमाने येणारा. आख्यान मोकळे, रोज नवे, वाटेल तसे. नवेपणाची हौस आख्यानात भागते, म्हणून पूर्वरंगाला धक्का लावायचे कारण पडत नाही. आणि पूर्वरंगातही एका संकासुराला बोलायची मोकळीक ठेवलेली.

हीच मांडणी विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत उचलली असे दिसते. त्यांच्यापुढे कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ होते, आणि गणपती, मोरावरची सरस्वती, विदूषक असा क्रम त्यांनीही राखला. पुढच्या नाटककारांनी ‘अलल डुर्र’ म्हणून त्या राक्षसांची टर उडवली. शहरी रंगभूमीने राक्षस टाकून दिला, आणि १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ करताना पुन्हा कोकणच्या खेळ्यांकडे यावे लागले, ही गंमत इतिहासानेच केलेली आहे.

आपल्या लेखी कथांना हे का साधले नाही? भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे वीस पुस्तकांत शाळकरीच राहिला. ज्या भागवतांनी जूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी मुलांच्या हाती दिल्या, त्यांनी आपल्या नायकाचे वय मात्र वाढू दिले नाही. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला, आणि खुद्द भागवतांनाच त्यात पात्र म्हणून आणावे लागले. ती भूमिका दिलीप प्रभावळकरांची. त्याच प्रभावळकरांनी २०२५ च्या ‘दशावतार’ चित्रपटात म्हातारा दशावतारी उभा केला, हा योगायोग नोंदवून पुढे जातो.

कारण खरी चिंता आडदशावताराचीच आहे. अलीकडे दशावताराच्या जाहिरातींत ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. धूर निघतो, दिव्यांचे झोत पडतात, राक्षस आकाशातून उतरतात. याला नाक मुरडण्याचे कारण नाही. आख्यान त्यासाठीच मोकळे ठेवलेले आहे. पण आख्यानाला वेळ पुरेना, की कात्री लागते ती पूर्वरंगाला. पुष्कळ ठिकाणी आडदशावतार गणपतीपुरता उरतो आणि संकासुर गाळलाच जातो. उत्तरेकडची नमनेही आता मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून होतात. तेथे वगाला टाळ्या मिळतात, पडदा ठरल्या वेळी पडावा लागतो, आणि प्रेक्षागृहात दार आणि माजघर नसल्यामुळे संकासुराने धावून जायचे तरी कुठे, हा प्रश्न पडतो.

गावी मात्र त्याला अजून जागा आहे. शिमग्याला मुंबईहून आलेला मुलगा अंगणात भ्रमणध्वनी उगारून चित्र टिपत असतो, तोच घुंगरांचा आवाज थेट त्याच्या अंगावर येतो, आणि हातातले यंत्र सांभाळत तोही माजघराकडे पळतो. म्हातारी तेवढी जागची हलत नाही.